ट्यूनिंगआधी गाडी ताब्यात देऊ नका: टर्बो बसवणाऱ्या गॅरेजमालकांना खुलं पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधले टर्बो बसवून देणारे सर्व गॅरेजमालक आणि मिस्त्री

सप्रेम नमस्कार.

भोसरीत माझं इंजिन रिबोअरिंगचं (झिजलेले सिलिंडर पुन्हा कापून नीट करण्याचं) आणि हेडच्या कामाचं वर्कशॉप आहे. तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात, कारण तुमच्याकडून गेलेली इंजिनं शेवटी माझ्या टेबलावर येतात. एकेकाला बाजूला घेऊन हे सगळं बोलून झालं, फरक पडला नाही. शिवाय ज्यांच्या गाड्या आहेत त्या मुलांच्याही कानावर हे जायला हवं, म्हणून पत्र उघड लिहितोय.

मागणी एकच आहे. कंपनीतून टर्बोशिवाय आलेल्या साध्या पेट्रोल इंजिनावर स्वस्तातला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, चढवलात, तर लोडवर, म्हणजे इंजिन जोरात ओढत असताना, पेट्रोल आणि टायमिंग (प्लगची ठिणगी कधी पडते ते) मोजून बसवल्याशिवाय ती गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ नका. हे मोजून बसवणं म्हणजेच ट्यूनिंग, आणि टर्बो जो जास्तीचा दाब देतो तो बूस्ट. 'बूस्ट कमी ठेवलाय, चालव बिनधास्त, ट्यूनिंगचं नंतर बघू' असं सांगून मुलाला पाठवून देणं बंद करा. ते 'नंतर' यायच्या आत इंजिन जातं.

अलीकडे आलेल्या एका मारुती एस्टीमचं सांगतो. गॅरेजचं नाव घेणार नाही. मुलगा नऱ्ह्याचा, नुकता नोकरीला लागलेला. गाडी वडिलांची, नीट सांभाळलेली. टर्बो बसवल्यावर थोड्याच दिवसांत धूर मारायला लागली, मिसिंग सुरू झालं आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं. हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढला. वरच्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधला काठ, आपण ज्याला रिंगलँड म्हणतो, दीड-दोन सेंटीमीटर तुटून निघाला होता. तो तुकडा खाली-वर होत बोअरला (सिलिंडरच्या भिंतीला) उभे ओरखडे पाडून गेला होता, नखाला लागतील एवढे खोल. पिस्टनच्या माथ्यावर कडेकडेनं बारीक खरखरीत खड्डे. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर चमकणारे ठिपके. भिंगाखाली धरले तर कळतं, ते अ‍ॅल्युमिनियमचे असतात. पिस्टनचंच अ‍ॅल्युमिनियम उडून प्लगला चिकटलेलं. टॉप रिंगची दोन्ही टोकं घासून चकचकीत झाली होती, म्हणजे उष्णतेनं रिंग वाढून टोकाला टोक भिडलं होतं.

गॅरेजवाल्यानं मुलाला सांगितलं होतं की पिस्टनच जुना होता. जुना पिस्टन असा तुटत नाही हो. जुना पिस्टन झिजतो, स्कर्टवर घासतो, रिंगा सैल पडतात, इंजिन तेल खायला लागतं. ताज्या कडांचा तुटलेला रिंगलँड, माथ्यावरचे खड्डे आणि प्लगवरचे ठिपके हे तिन्ही एकत्र दिसले की कारण एकच असतं, नॉकिंग, म्हणजे ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच मिश्रण आपोआप भडकणं. आणि त्या मुलाचं पहिलं वाक्य काय होतं? "काका, पण बूस्ट फक्त पाच पीएसआयच होता."

या 'फक्त पाच'वर (पीएसआय हे दाबाचं माप) मला सविस्तर बोलायचंय, कारण सगळं घोडं इथंच पेंड खातं.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथं बाहेरच्या हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. टर्बो नसलेलं इंजिन कितीही पिळलं तरी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांत, त्याहून जास्त दाब येत नाही. मारुतीच्या जुन्या इंजेक्शनच्या गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजायला मॅप सेन्सर असतो आणि तो वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचेल असा बनवलेला असतो. १०५ किलोपास्कलच्या आसपास तो थकतो. ईसीयूमधल्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या, पेट्रोलच्या तक्त्याचा शेवटचा रकानाही तिथंच संपतो. आता पाच पीएसआय म्हणजे सुमारे ३४ किलोपास्कल. मॅनिफोल्डमध्ये दाब झाला १२९. सेन्सर सांगतोय १०५, ईसीयू पेट्रोल देतोय १०५ चं, सिलिंडरमध्ये हवा जातेय १२९ ची. फुल थ्रॉटलला जिथं एक भाग पेट्रोलला १३ भाग हवा असायची, तिथं ती १५-१६ भाग होते. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा चुकीची नाही. बूस्टवर ते प्रमाण साडेअकरा-बाराच्या आसपास हवं. इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं त्या क्षणी आपण सगळ्यात कमी देतोय.

त्यात रिटर्नलेस, म्हणजे जास्तीचं पेट्रोल इंजिनाकडून परत नेणारी नळी नसलेली, पेट्रोल लाइन असेल तर आणखी भर. तिथला रेग्युलेटर टाकीत असतो, त्याला मॅनिफोल्डमधला बूस्ट कळत नाही. इंजेक्टरच्या मागे तीन बारचा दाब तसाच, समोरून मात्र बूस्ट उलटा रेटतोय. इंजेक्टरमधून पडणारं पेट्रोल तेवढ्यानंच पाच-सहा टक्क्यांनी घटतं.

अर्ध्या थ्रॉटलवरची गोष्ट तर फार कमी जण लक्षात घेतात. सायलेन्सरच्या लाइनीत कंपनीनं बसवलेला ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो. मिश्रणातली हवा एक भाग पेट्रोलला १४.७ भागांच्या (पेट्रोल पुरतं जळायला लागते तेवढ्या) अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच त्याला कळतं. गाडी निवांत चालवताना ईसीयू त्या सेन्सरचं ऐकून मिश्रण १४.७ वर धरून ठेवतो. टर्बो लहान असेल तर अर्ध्या थ्रॉटललाच बूस्ट यायला लागतो, आणि ईसीयू अजून त्याच सेन्सरचं ऐकत असतो. तुम्ही कुठून तरी जास्तीचं पेट्रोल घुसवलंत तर तो इमानेइतबारे ते कापून पुन्हा १४.७ वर आणतो. बूस्टवर १४.७! डॅशबोर्डवर लाल-पिवळे-हिरवे दिवे नाचवणारं जे स्वस्तातलं मीटर लावून देता, ते याच नॅरोबँड सेन्सरवर चालतं. बूस्टवर ते दिवे काहीही सांगत नाहीत. मुलं त्या हिरव्या दिव्याकडे बघत गाडी पळवतात.

आणि तो पाच तरी पाच राहतो का? जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वगळून बाहेर सोडणाऱ्या झडपेची, म्हणजे वेस्टगेटची, स्प्रिंग पाचची असली तरी भंगारातल्या छोट्या टर्बोचं वेस्टगेटचं भोक लहान असतं. वरच्या आरपीएमला एक्झॉस्टचा लोंढा त्यातून पुरता निसटत नाही आणि बूस्ट आपोआप सरकत सात, आठ, नऊवर जातो. गेजचा काटा बघायला तेव्हा कोणाला फुरसत नसते.

आता टायमिंग. माझ्या मते पेट्रोलपेक्षाही इथं जास्त इंजिनं मरतात. दाबलेलं मिश्रण लवकर जळतं, म्हणून बूस्टवर ठिणगी उशिरा टाकावी लागते. जुन्या लोकांचा ठोकताळा आहे, दर पीएसआयला साधारण एक डिग्री मागे. इंजिनागणिक तो बदलतो, पण मुळीच मागे न घेता चालत नाही हे नक्की. टर्बो नसलेल्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, नऊ, साडेनऊ, दहा असतो. त्यात तुम्ही दाबलेली, तापलेली हवा भरता आणि ठिणगी मात्र जुन्याच वेळेला टाकता. ज्योत प्लगपासून कडेकडे सरकत असताना कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच एकदम पेटतं. दाबाचा तो घाव पिस्टनच्या काठावर बसतो. ओतीव पिस्टनचा रिंगलँड किती घाव सोसणार? कधी हेड गास्केट जातं. नशीब चांगलं असेल तर तेवढ्यावर निभावतं.

कंपनीच्या टर्बो इंजिनाला नॉक सेन्सर असतो. घाव सुरू झाले की ईसीयू लगेच टायमिंग मागे घेतो. जुन्या एस्टीमला, झेनला तसलं काही नाही. माणसाच्या कानावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण टर्बोसोबत तुम्ही सायलेन्सर मोकळा केलेला असतो आणि त्या आवाजात नॉकिंगची टकटक ऐकूच येत नाही.

उष्णतेचं गणितही मांडतो. मे महिन्यातली पुण्याची दुपार, बाहेर ४० अंश. सात पीएसआयला साधारण कार्यक्षमतेच्या छोट्या टर्बोमधून हवा बाहेर पडते तेव्हा ती ९५-१०० अंशांवर गेलेली असते. हवा थंड करणारा इंटरकूलर नसेल तर तीच हवा सिलिंडरमध्ये. इंटरकूलर असला तरी तो रेडिएटरच्या आड, बंपरच्या मागे कोंबलेला असेल तर त्याला वारा मिळत नाही.

म्हणूनच तुमची ट्रायल फसवी असते. मी पाहिलंय, रात्री दहानंतर मोकळ्या रस्त्यावर गाडी काढायची, दुसऱ्या गिअरात दोन-तीनदा खेचायची, पिकअप बघून सगळे खूश. हवा गार, गाडीत दोघंच, पाच-सहा सेकंदांची ओढ. तेवढ्यात इंजिन मरत नाही. तेच पोरगं मग मित्रांना घेऊन महाबळेश्वरला निघतं. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागतो. चार माणसं, दुपारचं ऊन, एसी चालू, पुढे ट्रक, तिसऱ्या गिअरात पाय खाली दाबलेला, आणि बूस्ट मिनिटभर सलग. वेग कमी म्हणून इंटरकूलरला वारा नाही, पिस्टन तापत चाललेला, रिंगची टोकं भिडायला आलेली. सिंहगडाचा घाट, ताम्हिणी, कुठलाही घ्या. या गाड्या घाटात मरतात, आणि ट्रायल तुम्ही सपाटीवर, रात्री घेता.

रिंगच्या गॅपबद्दल एक शब्द, कारण ते माझं काम आहे. ७४ मिमीच्या बोअरला साध्या इंजिनासाठी टॉप रिंगचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, साधारण ०.३ मिमी ठेवतात. बूस्टवर चालणार असेल तर ०.४ च्या आसपास लागतो, कारण रिंग जास्त तापते आणि जास्त वाढते. म्हणजे इंजिन न खोलता वरून टर्बो चढवता तेव्हा आतली रिंग त्या उष्णतेसाठी कापलेलीच नसते. बूस्ट अगदी थोडा आणि थोड्या वेळापुरता असेल तर चालून जातं. घाटात नाही.

आता जुगाडांकडे येतो. तुम्ही काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. करता, पण ते मोजून करत नाही.

पहिला जुगाड पेट्रोलचं प्रेशर वाढवण्याचा. प्रेशर दुप्पट केलं तर पेट्रोल दुप्पट होत नाही, सुमारे ४१ टक्केच वाढतं. जुना पंप एवढ्या प्रेशरला दम टाकतो, म्हणजे सगळ्यात वरच्या आरपीएमला, नेमकं लागतं तेव्हा, प्रेशर खाली बसतं. आणि वीस-पंचवीस वर्षांच्या रबरी होजमधून ते वाढवलेलं प्रेशर लाल तापलेल्या टर्बोच्या वीतभर अंतरावरून जातं, याचा विचार कोणी केलाय का? या एका गोष्टीची मला खरोखर भीती वाटते. इंजिन गेलं तर पैसे जातात, इथं गाडी पेटते.

दुसरा जुगाड मला अजिबात मान्य नाही. कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर घालायचा, म्हणजे ईसीयूला वाटतं इंजिन थंड आहे आणि तो पेट्रोल वाढवतो. वाढवतो खरं, पण सगळीकडे वाढवतो. आयडलला, सिग्नलला, कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये. जास्तीचं पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं तेच ऑइल टर्बोच्या बेअरिंगला जातं, जो लाख-दीड लाख आरपीएमनं फिरतोय आणि ऑइलच्या पातळ थरावरच तरंगतोय. त्यातून काही ईसीयू थंड इंजिनाला टायमिंग उलट पुढे देतात. जे मागे घ्यायचं तेच पुढे गेलं. आणि रेडिएटरचा फॅन त्याच सेन्सरवरून ईसीयू चालवत असेल तर तो वेळेवर लागतच नाही. हे सगळं एका रेझिस्टरमुळे.

तिसरा, डिस्ट्रिब्यूटर हातानं फिरवून टायमिंग मागे घेणं. यानं बूस्टवर थोडं वाचतं, पण बाकी सगळीकडे इंजिन मरगळतं, एक्झॉस्ट तापतो, ॲव्हरेज पडतं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं आणि तुम्ही ते परत पुढे करता. मग पुढचा मुक्काम माझ्याकडे.

'चांगलं पेट्रोल टाक' हा सल्लाही अर्धवट आहे. पंपावर साध्यापेक्षा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, आणि डिसेंबर २०२० पासून इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल निवडक शहरांत आलं त्यात पुणेही होतं. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल नॉकिंग लांबवतं, हे बरोबर. पण हवा जास्त आणि पेट्रोल कमी ही भानगड त्यानं सुटत नाही. आणि १०० च्या भरवशावर बसवलेलं टायमिंग घेऊन मुलगा कोकणात जातो, रात्री पंपावर साध्या पेट्रोलशिवाय काही मिळत नाही, तेव्हा काय? गाडी कुठल्या पेट्रोलवर बसवली आहे ते लिहून दिलंत का त्याला?

इथेनॉलचंही तसंच. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला ते जास्त द्यावं लागतं. शुद्ध पेट्रोलचं १४.७ हे प्रमाण ई२० ला साधारण साडेतेरावर येतं. जुन्या गाडीचा ईसीयू शुद्ध पेट्रोलच्या हिशेबानं लिहिलेला आहे. फुल थ्रॉटलला तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, त्यामुळे टर्बो नसतानाही मिश्रण सात-आठ टक्के कोरडं पडू शकतं. त्यावर तुमचा बूस्ट. म्हणून मीटर बघताना साडेअकरा-बाराच्या आकड्यांत न अडकता लॅम्बडा बघा, म्हणजे पुरतं जळायला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे ते. बूस्टवर ०.८ च्या आसपास, पेट्रोल कुठलंही असो.

डिझेल गाडीचा टर्बो काढून पेट्रोल इंजिनावर लावण्याबद्दल फार लिहीत नाही. १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनाचा छोटा टर्बो भंगारात सहज मिळतो, ठीक आहे. पण डिझेलचा एक्झॉस्ट आठशे अंशांच्या आसपास थांबतो, पेट्रोलचा लोडवर नऊशे-साडेनऊशेवर जातो, आणि मिश्रण चुकलं तर त्याच्याही वर. ती हाऊसिंग त्यासाठी ओतलेली नाही, तडे जातात. हलती पाती म्हणजे व्हेन असलेला व्हीजीटी टर्बो तर लावूच नका, व्हेन जाम होतात आणि मग बूस्टवर कोणाचाच ताबा राहत नाही. ऑइल परतीची लाइन जाड आणि सरळ उताराची ठेवा, एवढं केलंत तरी निम्मे टर्बो वाचतील.

पैशांचा मुद्दा तुम्ही काढणार, माहीत आहे. 'गिऱ्हाइकाचं बजेटच नसतं.' मी या मुलांना ओळखतो. पहिला पगार, पदरमोड, घरच्यांना न सांगता वाचवलेले पैसे. त्यांना हौस आहे आणि त्या हौसेबद्दल मला आदर आहे. बाजारात मिळेल ती गाडी घेऊन गप्प बसणाऱ्यांपेक्षा नाना पेठेत पार्टस् शोधत हिंडणारं, आपल्या हातानं मॅनिफोल्ड बसवणारं पोरगं मला जवळचं वाटतं. पण तुम्ही त्याला खर्चाचा क्रम उलटा सांगता. आधी टर्बो, मग मॅनिफोल्ड, मग दाबलेली हवा बाहेर सोडणारा डंप व्हॉल्व्ह, कारण त्याचा आवाज येतो, मग उरले तर ट्यूनिंग. उरत कधीच नाहीत.

क्रम असा सांगा. सगळ्यात आधी मिश्रणाचा नेमका आकडा सांगणारा वाइडबँड लॅम्बडा सेन्सर आणि त्याचं मीटर, टर्बो विकत घ्यायच्याही आधी. त्यानंतर बूस्ट वाचू शकणारा मॅप सेन्सर, मोठे इंजेक्टर, पंप. मग तक्ते बदलता येतील असा ईसीयू. महागडाच हवा असं नाही. मेगास्क्वर्ट हा असा ईसीयू दोन दशकांहून जुना आहे, आर्डुइनो या छोट्या बोर्डावर चालणारा स्पीडुइनो तर खुला आहे, कोणीही बोर्ड जुळवू शकतो. कंपनीच्या ईसीयूला जोडायचा पिगीबॅक बसवलात तरी चालेल, पण तो पेट्रोल आणि टायमिंग दोन्ही हाताळणारा असावा. आणि मग डायनोवरचा एक दिवस, जिथं गाडी जागेवर उभी राहून लोड घेते आणि माणूस आकडे बघत एकेक रकाना भरतो. एवढं जमत नसेल तर तोवर टर्बो बसवू नये. थांबून पैसे जमवणं इंजिन पुन्हा बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं. त्या एस्टीमला नवे पिस्टन, रिंगा, रिबोअर, हेडचं फेसिंग आणि गास्केट सेट लागला. यात ट्यूनिंगचा खर्च निघाला असता, आणि गाडी अजूनही तेवढीच धोक्यात आहे, कारण मूळ दुखणं कोणी काढलेलंच नाही.

हे सगळं पुण्यात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची तपासणी आणि संशोधन करणारी संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. भारतात १९६२ मध्ये सुरू झालेल्या कमिन्सनं कोथरूडला इंजिनं बनवली. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांतून टर्बो पेट्रोल गाड्या बाहेर पडतात. इंजिन कॅलिब्रेशन, म्हणजे ईसीयूचे तक्ते मोजून भरणं, हेच ज्यांचं रोजचं काम आहे अशी माणसं बाणेर-वाकडच्या सोसायट्यांत तुमचे शेजारी म्हणून राहतात. कारखाना टर्बो इंजिन विकायला काढतो तेव्हा त्याला पिस्टनखाली ऑइल जेट असतात, नॉक सेन्सर असतो, आणि वाळवंटातल्या उन्हात, थंडीत, उंच घाटांत महिनोन्‌महिने गाडी फिरवून ईसीयूचा एकेक रकाना भरलेला असतो. तुम्ही त्यातलं एक टक्काही काम न करता साध्या इंजिनाला बूस्ट देता. या माणसांना रविवारी चहाला बोलवा. मी काही जणांशी बोललोय, त्यांना आवड आहे, ते येतील. आपल्या कॉलेजांतली मुलं फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजांच्या स्पर्धेतल्या गाड्यांसाठी ईसीयूचे तक्ते स्वतः भरतात. त्यांच्याकडून शिकायला कमीपणा कसला?

कायद्याचं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, लपवू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही ज्यानं नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला आयतं कारण मिळतं ते वेगळंच. पीयूसी निघाली म्हणजे सगळं ठीक, असंही सांगू नका. पीयूसीची नळी उभ्या गाडीला लोडशिवाय लावतात, बूस्टवर काय चाललंय ते तिला दिसत नाही. गाडी रस्त्यासाठी आहे की ट्रॅकसाठी, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा आणि रस्त्यासाठी असेल तर हे सगळं त्याच्यासमोर ठेवा. निर्णय त्याचा, पण माहिती तुमच्याकडून मिळायला हवी.

मला तुमच्याकडून काय हवंय ते नेमकं लिहितो. गाडी ताब्यात देताना गिऱ्हाइकाच्या हातात एक कागद द्या. लोडवरच्या एका पूर्ण ओढीचा लॉग, आरपीएम, बूस्ट, लॅम्बडा, टायमिंग, इनटेकचं तापमान, आणि ही ओढ दुपारच्या उन्हातली असू दे. कुठलं पेट्रोल टाकून ट्यून केलं तेही त्यावर लिहा. ईसीयूमध्ये बूस्ट ठरलेल्यापेक्षा वर गेला की पेट्रोल तुटेल अशी मर्यादा घाला. वेस्टगेट लहान पडत असेल तर टर्बो बदला, गेज बघत राहायला सांगू नका. आणि ज्या दिवशी ट्यूनिंग झालेलं नसेल त्या दिवशी बूस्टची नळी काढून, वेस्टगेट उघडा बांधून ठेवा, म्हणजे पोराला चावी मिळाली तरी बूस्ट मिळणार नाही.

माझ्या बाजूनंही सांगतो. यापुढे असं तुटलेलं टर्बो इंजिन माझ्याकडे आलं तर लॉग दाखवल्याशिवाय मी ते परत बांधून देणार नाही. काम जाईल, जाऊ दे. लॉग असेल तर रिंगचा गॅप बूस्टच्या हिशेबानं कापून देईन, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. तुटलेले पिस्टन मी फेकलेले नाहीत. कुठल्या चुकीनं काय तुटतं हे दाखवता येईल असे लावून ठेवलेत. तुमच्याकडच्या पोरांना, नव्या फिटरना घेऊन या आणि हातात घेऊन बघा. गुरुवारी भोसरीत सुट्टी असते, तो वार सोडून कधीही दुपारी चारनंतर या. आणि एखाद्या टर्बो गाडीबद्दल शंका असेल तर इंजिन खोलायच्या आधी चारही प्लग काढून आणा, कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते कागदावर लिहून.

आपला,
भोसरीतला एक रिबोअरिंगवाला